रात्री रुग्णासाठी हेलिकॉप्टर येणार असेल तर मैदान कसं तयार ठेवावं

मी हवाई दलात हेलिकॉप्टरच्या ग्राउंड क्रूमध्ये होतो, आता इंदूरला सुदामानगरात असतो. २०२४ मध्ये मध्य प्रदेशात पीएम श्री एअर अँब्युलन्स सुरू झाल्यापासून सिमरोल-मानपूरकडची मुलं विचारतात, "काका, रात्री हेलिकॉप्टर आलंच तर आम्ही काय करायचं?" रात्री यायचं की नाही हे पायलट आणि त्यांचे वरिष्ठ ठरवतील. खालची जमीन मात्र तुमच्या हाती आहे.

सगळ्यात जास्त भीती तारांची. अंधारात खांब एक वेळ दिसेल, तार दिसत नाही. अंधारात दिसावं म्हणून पायलट लावतात त्या नाइट व्हिजन गॉगलमधूनही बारीक तार सुटते. त्यातून साधारण ४० अंशांपुरतंच दिसतं आणि अंतराचा अंदाज फसतो. म्हणून गावातलं मैदान दिवसाच फिरून बघून ठेवा. वाड्यावस्त्यांवरच्या पंपांकडे जाणाऱ्या एकेरी तारासुद्धा सोडू नका. ऐन वेळी "पटेलांच्या विहिरीपाशी तार आहे" असं सांगून पायलटला काय कळणार? "उत्तरेला, मैदानापासून पन्नास मीटरवर, पूर्व-पश्चिम" असं सांगा. तारेखाली गाडी उभी करून दिवे चालू ठेवा.

जागा निदान तीस मीटर लांब-रुंद आणि सपाट हवी. शाळेचं मैदान उत्तम. नांगरलेलं शेत नकोच: आपली काळी माती उन्हाळ्यात पंख्याच्या वाऱ्याने अशी उठते की शेवटच्या काही मीटरांत पायलटला जमीन दिसेनाशी होते. टँकरने पाणी मारा, चिखल होऊ देऊ नका. सोयाबीनचा भुसा, ताडपत्री, चादरी, टोप्या, सगळं दूर न्या.

चार कोपऱ्यांना चार दिवे, जमिनीकडे वळवलेले. वर टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश, गाडीचा अप्पर अजिबात नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना जवळजवळ अर्धा तास लागतो. एका झोतात तो वाया जातो. जवळ लग्न असेल तर डीजेचे लेझर, फटाके आणि ड्रोन बंद करायला माणूस पाठवा.

उतरल्यावर धावू नका. क्रूने खूण केल्यावरच, पायलटला दिसाल असं समोरून किंवा बाजूने, वाकून जा. शेपटीकडे कुणीच नाही. मागचा पंखा फिरताना अंधारात दिसत नाही. सलाईनचा स्टँड उभा धरू नका.

रुग्णाला आधीच मैदानात आणून ठेवू नका. १०८ मध्येच राहू द्या आणि चालकाला गाडीतच बसवा, कारण धुकं किंवा धूळ पाहून पायलट परत फिरला तर त्याच क्षणी इंदूरचा रस्ता धरायचा आहे.