जुन्या ऑटोमॅटिक गाडीतील ऑल-व्हील-ड्राइव्हचा दोष कसा ओळखावा
ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना शक्ती देणारी) जुनी ऑटोमॅटिक सुबारू गाडी कोरड्या रस्त्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फिरवताना अडखळत असेल, तर मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा क्लच सुटत नसण्याची शक्यता असते. मात्र गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी चारही टायर एकाच मापाचे व सारखेच झिजलेले आहेत का, आणि त्यांतील हवा योग्य आहे का, हे अवश्य तपासावे. पुष्कळदा दुखणे तिथेच असते. त्यानंतर बॉनेटखाली ‘एफडब्ल्यूडी’ (फक्त पुढच्या चाकांना शक्ती) लिहिलेली फ्यूजची जागा असल्यास तीत फ्यूज बसवून, म्हणजे क्लचला सुटण्याचा आदेश देऊन, पुन्हा तसेच वळण घ्यावे. डॅशबोर्डवरचा ‘एफडब्ल्यूडी’ दिवा लागून धक्के थांबले, तर क्लच सुटू शकतो, म्हणून सेन्सर व वायरिंग पाहावे. दिवा लागूनही धक्के राहिले, तर सोलेनॉइड (क्लचचा तेलदाब नियंत्रित करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) किंवा क्लचचा संच संशयित ठरतो. चाचणीनंतर फ्यूज काढून ठेवावा.