जुना ग्रासकटर घेताय? या चुका टाळा

काजूच्या भाटांतली सफाई आटोपली की जुने ग्रासकटर विकायला निघतात, आणि मला फोन सुरू होतात. "तीन हजारांत मिळतोय, दुरुस्त करून विकतो. घेऊ का?" अरे बाबा, फोनवरून पिस्टन दिसतो का?

पहिली चूक म्हणजे सुरू झालं म्हणून घेणं. तुम्ही पोचायच्या आधीच विकणाऱ्याने मशीन चालवून तापवून ठेवलेलं असू शकतं, आणि गरम मशीन सहज सुरू होतं. गेल्या गेल्या मी सायलेन्सरजवळ हात नेतो. ऊब लागली तर चहाला हो म्हणतो, पावसापाण्याच्या गप्पा मारतो, आणि ते थंड होईपर्यंत सुरू करायच्या दोरीला हात लावत नाही. घाईतल्या पोरांना एवढा अर्धा तास जड जातो.

सायलेन्सर न काढता पैसे देणं ही माझ्या मते सगळ्यात महाग चूक. बहुतेक टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या, मशीनच्या सायलेन्सरला दोनतीन बोल्ट असतात. ते काढा, मोबाइलचा टॉर्च मारा, दोरी हळूहळू ओढा. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे दिसले, तर ते मशीन बहुधा एकदा जाम झालेलं आहे. पण ओरखडे दिसले म्हणजे सगळं कळलं असंही नाही, आणि तिथेच मी फसलो.

डिचोलीहून चार हजारांना एक ग्रासकटर आणला होता. पिस्टन खरवडलेला. आधीच्या मालकाने ऑइल न मिसळता पेट्रोल घातलं असणार, असं मनाशी ठरवलं. नवा सिलिंडर-पिस्टन बसवला आणि वाळपईकडच्या एका काजूवाल्याला विकला. नवव्या दिवशी तो दारात. "अरे, तुझं मशीन जाम झालं." मी लगेच त्याच्यावरच ढकललं, ऑइल घातलं नसेल म्हणून. त्याने काही न बोलता कॅन काढला आणि वर्तमानपत्रावर थेंब टाकला. पेट्रोल उडून गेलं, तेलाचा डाग राहिला. माझी बोलती बंद.

खोललं तर क्रँकशाफ्टचं ऑइल सील, म्हणजे दांड्याभोवतीची रबरी कडी, पापडासारखं कडक झालेलं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती. हवा वाढली की मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येत असल्याने वंगणही कमी पडतं. लक्षण मला दिसलं होतं: रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नव्हता. 'कार्बोरेटर सेट केला की होईल' म्हणून मी सोडून दिलं. त्या माणसाला पैसे परत केले. तेव्हापासून इंजिन खोललं की दोन्ही सील बदलतो, चांगली दिसली तरी.

कार्बोरेटरचं तर वेडच आहे. व्हिडिओ बघून आलेला प्रत्येक जण आधी नवा कार्बोरेटर घेतो. आधी आतला डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, बोटाने दाबून बघा. कडक लागला तर किट बदला, काम होतं. आणि सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली असेल तरी मशीन रेस घेत नाही, तेही तपासा.

टाकीत पेट्रोल ठेवून मशीन पावसाळाभर पडवीत टाकू नका. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. मी टाकी रिकामी करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो.

समुद्राजवळच्या घरातलं मशीन असेल तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, म्हणजे गंज, आहे का बघा. फोर-स्ट्रोक, म्हणजे ऑइल वेगळं घालायचं मशीन, आडवं पडलेलं असेल तर ऑइल सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. अशा वेळी प्लग काढल्याशिवाय दोरी ओढू नका. पात्याजवळच्या गिअर हेडमध्ये ग्रीस भरा, ते कुणी भरलेलं नसतंच.

गिऱ्हाइकाला टू-स्ट्रोकच्या ऑइलचं प्रमाण अंदाजाने सांगू नका. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४०. मी टाकीच्या झाकणावर रंगानेच लिहून देतो.

आणि तयार झालं म्हणून मार्चमध्येच विकू नका. मी जुलैपर्यंत थांबतो. चवथीच्या आधी अंगण साफ करायचं असतं, गवत गुडघ्याला लागलेलं असतं, आणि गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं.