थंडीतला दाट स्ट्यू: मटण खरपूस परता, आच मंद ठेवा

स्ट्यू पाणचट लागला की दोष पाण्याला दिला जातो. बहुतेक वेळा चूक त्याआधीच, मटण परतताना झालेली असते.

चौघांसाठी खांद्याचं किंवा नळीचं मटण ७५० ग्रॅम घ्या, तुकडे तीन-चार सेंटीमीटरचे. बिनचरबीचा मऊ भाग टाळा. दोन तासांत तो कोरडा पडतो. चिवट भागातलं कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवट करणारं प्रथिन, मात्र हळूहळू विरघळून जेलीसारखं जिलेटिन होतं. रस्सा ओठांना किंचित चिकटतो तो त्यामुळेच.

तुकडे कापडाने टिपून कोरडे करा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल चांगलं तापवा आणि मटण तीन खेपांत परता. सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं आणि तुकडे खरपूस न होता राखाडी उकडतात. तुकडा सारखा हलवू नका. खालून खरपूस झाला की तो बूड सहज सोडतो. ओढावा लागत असेल तर अजून थांबा. एका खेपेला सहा ते आठ मिनिटं लागतात आणि ही मिनिटं वाचवू नयेतच.

मटण काढून त्याच तेलात दोन चिरलेले कांदे दहा मिनिटं परता. मग सहा लसूण पाकळ्या आणि एक मोठा चमचा मैदा घाला. मैद्याचा कच्चा वास गेला की कपभर गरम पाणी ओतून बुडाला धरलेला तपकिरी थर लाकडी चमच्याने खरवडा. सगळी चव त्यात आहे. थर काळा झाला असेल तर मात्र पातेलं बदला, नाहीतर कडवटपणा शेवटपर्यंत राहतो.

मटण, लिटरभर गरम पाणी, दोन तमालपत्रं, मिरी आणि एक लहान चमचा मीठ घाला. उकळी आली की फेस काढा आणि आच इतकी कमी करा की सेकंदाला एखाददुसराच बुडबुडा येईल. रटरटा उकळलं की मटणाचे धागे आकसतात, चरबी मिसळून रस्सा गढूळ होतो. झाकण कलतं ठेवून दीड तास शिजू द्या.

आता दोन गाजरं आणि ३०० ग्रॅम बटाटे, मोठे तुकडे करून. टोमॅटो एवढ्यात नको, आंबटपणात बटाटा लवकर मऊ होत नाही. बटाट्यात सुरी सहज शिरली की दोन टोमॅटो बारीक चिरून घाला आणि आणखी पंधरा मिनिटं ठेवा. मटण चमच्याने दाबून तुटलं की झालं.

पातळ वाटलं तर चार-पाच बटाट्याचे तुकडे तिथेच कुस्करा. कॉर्नफ्लॉर वापरायचं तर आधी गार पाण्यात कालवा. थेट टाकलं तर गुठळ्या होतात. चव सपक वाटली तर मिठाआधी थोडं लिंबू पिळून बघा. खारट झालं तर गरम पाणी वाढवून पुन्हा दाट करा.

मटणाऐवजी राजमा घ्यायचा तर २५० ग्रॅम रात्रभर भिजवा, ते पाणी टाका आणि नव्या पाण्यात आधी पूर्ण दहा मिनिटं खळखळून उकळा. अर्धाकच्चा राजमा खाल्ल्यास उलट्या होतात आणि स्लो कुकरच्या मंद उष्णतेत त्यातला विषारी घटक नष्ट होत नाही.

उरलेला स्ट्यू पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. सकाळी तो जेलीसारखा थिजलेला दिसेल. वरचा चरबीचा थर हवा तेवढा उचलून टाका आणि सगळीकडून उकळी येईपर्यंत तापवा.