दशावतार बघायला शिकवताना

बौद्धिक अक्षमता असलेल्या सहावी-सातवीच्या मुलांना नाटक दाखवायचं ठरलं की बरेच शिक्षक आधी गोष्ट सांगायला बसतात. कोण कुणाचा मुलगा, कुणाला कुणाचा शाप. पोरं पाच मिनिटांत खिडकीबाहेर बघायला लागतात. मी गोष्ट शेवटी ठेवते. आमच्या कोकणात, कुडाळकडे नाटक म्हणजे दशावतार हे लोकनाट्य, आणि त्यात डोळ्यांना नि कानांना इतकं काही आहे की कथानक मागाहून आलं तरी चालतं.

सुरुवात बाकड्यापासून करा. दशावतारात नेपथ्याचा पसारा नसतो; एक लाकडी बाकडं, तेच राजाचं सिंहासन. वर्गातलं बाक मधोमध ओढा. आधी तुम्ही राजाच्या ऐटीत बसा, मग एकेकाला बसवा. दुसऱ्या दिवशी त्याच बाकाचा डोंगर करा. "हे काय आहे?" असं विचारू नका. मुलं "बाक" म्हणणार, आणि त्यांचं काही चुकत नाही. त्यापेक्षा "डोंगरावर कोण चढलं?" असं विचारा, किंवा सिंहासन आणि डोंगर अशी दोन चित्रं समोर धरून एकावर बोट ठेवायला सांगा. एका मुलाने माझी दोन्ही चित्रं बाजूला सारली, बाकाच्या टोकाला बसला, हवेत स्टिअरिंग फिरवलं आणि मागे वळून ओरडला, "चला, सुटली!" एसटी. मग त्या दिवशी सगळा वर्ग कणकवलीला जाऊन आला.

पखवाज, पायपेटी, झांज मोबाईलवर आधीच ऐकवून ठेवा. आवाज हळूहळू वाढवा आणि कान कोण झाकतं ते लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ रंगपटाला, म्हणजे कलाकार रंगून तयार होतात त्या जागेला द्या. नाटकमंडळीच्या मालकांना आधी विचारलंत तर सहसा नाही म्हणत नाहीत. कलाकार आपला चेहरा आपणच रंगवतात, आणि स्त्रीपार्ट पुरुष करतात. चार-चार मुलांना न्या, बोलू नका, नुसतं बघू द्या. माझ्या वर्गातली एक मुलगी आरशासमोर बसलेल्या कलाकारावरून नजर काढेना. चेहऱ्याला रंग लागला, डोळ्यांत काजळ, मग केसांचा टोप, शेवटी नऊवारी. "बाई, ह्यो तर बापयो!" ती मोठ्याने म्हणाली. बापयो म्हणजे पुरुष. कलाकार हसला. पुढे राणीला वनवासाला धाडलं तेव्हा तिनेच माझा हात घट्ट धरला आणि पुटपुटली, "रडता ती." बापयो आहे हे माहीत असून राणीसाठी जीव तुटला, म्हणजे नाटक कळलं. कथानक सांगता आलं नाही तिला, नाही तर नाही.

संकासुराची तयारी वेगळी करा. पूर्वरंगात, म्हणजे मूळ कथेआधीच्या भागात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन गेल्यावर हा काळ्या पोशाखात येतो. वेद चोरणारा राक्षस, पण मालवणीत बोलून हशा पिकवतो. भित्र्या मुलांची त्या कलाकाराशी उजेडात, साध्या कपड्यांत ओळख करून द्या. पोशाखाला हात लावू द्या.

जत्रेचा प्रयोग मध्यरात्रीनंतर रंगतो. पालकांना हौस असते, पण फिट येणाऱ्या मुलांना जागरण सोसत नाही, जागरणाने फिट येऊ शकते. त्यांना संध्याकाळचा प्रयोग शोधा आणि औषधाची वेळ चुकवू नका. फटाके आणि स्पीकर यांपासून लांब, रांगेच्या कडेला बसवा. वीस मिनिटांत उठलं मूल तर उठू दे, फेरी मारून परत येतं.

आणि कृपा करून सशा-कासवाची बालनाट्यं या मुलांच्या माथी मारू नका. तेरा वर्षांच्या मुलाला राग, मत्सर, सवतीचा छळ सगळं समजतं. वाचता येत नाही म्हणून तो पाच वर्षांचा होत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगाचे तीन फोटो मांडा. "कोण आवडलं?" मग "तो कसा चालत होता? दाखव." बोलता न येणारं मूलही चालून दाखवतं. गोष्ट सांगायची ती आता, त्याने निवडलेल्या पात्रापासून सुरू करून.