शुगर वाढली की लगेच डोस वाढवू नका: डायबिटीसमध्ये घाई कुठे करायची आणि कुठे नाही

मीटरवर २४० दिसलं की घरात एकदम गोंधळ. एक म्हणतो आज जेवूच नको, दुसरा म्हणतो दोन युनिट इन्शुलिन जास्त घे, तिसरा कालपासून काय काय खाल्लं त्याची उलटतपासणी सुरू करतो. आणि अशाच घरात एखादं पोर आठ-दहा दिवस सारखं पाणी पितंय, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालंय, कपडे ढगळ व्हायला लागलेत, तरी "वाढतं वय आहे, होतं असं" म्हणून कोणी मनावर घेत नाही. डायबिटीसमधल्या बऱ्याचशा चुका मला याच एका प्रकारातल्या वाटतात, जिथे जरा थांबून बघायला पाहिजे तिथे आपण धावतो आणि जिथे खरंच धावायला पाहिजे तिथे "सकाळी बघू" करतो.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

फळ कापून तसंच बोट टोचलं तर बोटावरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि मीटर भलताच आकडा दाखवतं, नुसतं सॅनिटायझर चोळून ती साखर नीट जात नाही. साबणाने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा, ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन आकडा कमी येऊ शकतो. बोटाच्या शेंड्याला मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. थेंब येत नाही म्हणून बोट पिळत बसू नका, हात खाली सोडून जरा हलवा, येतो. आणि स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा कारण दमट हवा लागली की स्ट्रिप खराब होतात, ही गोष्ट इतकी साधी आहे की कोणी सांगतच नाही.

तरीही घरचं मीटर लॅबइतकं अचूक नसतंच. शुगर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १५ टक्के इकडेतिकडे चालतं असा आंतरराष्ट्रीय निकषच आहे, म्हणजे खरी शुगर २०० असताना १७० किंवा २३० दिसलं तरी मीटर बिघडलेलं नाही. पाठोपाठ दोनदा तपासून १८२ आणि १९७ आलं म्हणून डोक्याला ताप करून घेऊ नका. (हे सगळे आकडे मिलिग्रॅममधले आहेत, मीटर मिलिमोलमध्ये दाखवत असेल तर १८ ने गुणा.)

दंडाला सेन्सर लावलेला असेल तर वेगळी गंमत. तो रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, म्हणून रक्ताच्या साधारण ५ ते १५ मिनिटं मागे चालतो. शुगर भराभर चढत किंवा उतरत असताना हा फरक चांगलाच जाणवतो. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की तो दाबला जाऊन मध्यरात्री शुगर लो (फार कमी) झाल्याचा खोटा अलार्म वाजतो, आणि व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसमुळे काही सेन्सर जास्त आकडा दाखवतात. अंगाला जे वाटतंय आणि स्क्रीनवर जे दिसतंय ते जुळत नसेल तर बोट टोचून बघा.

डोसवर डोस

जेवणानंतर तासाभराने २६० दिसलं, करेक्शन (चढलेली शुगर उतरवायला जास्तीचं इन्शुलिन) घेतलं, अजून तासाने २४०च आहे म्हणून परत घेतलं. इथे फसतात लोक. जेवणाच्या वेळचं रॅपिड इन्शुलिन साधारण ३ ते ५ तास काम करतं, पहिला डोस अजून अंगात आहे त्यावर दुसरा चढवला की दोन्ही मिळून शुगर अशी खाली आणतात की मग रात्री साखर खात बसायची वेळ येते, त्यातून परत ३००, परत करेक्शन, आणि दिवसभर हा झोपाळा चालू. दोन करेक्शनमध्ये किती वेळ सोडायचा हे डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या आणि तो वेळ पाळा.

सकाळच्या उपाशीपोटीच्या शुगरचंही तसंच. पहाटे शरीर स्वतःच ग्रोथ हार्मोन, कॉर्टिसॉल वगैरे सोडतं, लिव्हर साखर बाहेर काढतं आणि काही न खाता शुगर चढते. पण सकाळी जास्त आली म्हणून थेट रात्रीचं इन्शुलिन वाढवू नका, आधी दोन-तीन रात्री २ ते ३ च्या सुमारास तपासा. तेव्हा लो निघाली तर रात्रीचा डोस वाढवणं म्हणजे झोपेत बेशुद्ध व्हायची सोय. तेव्हा ठीक असून नंतर चढत गेली तर विषय वेगळा, आणि रात्री झोपतानाच २२० होती तर मग रात्रीच्या जेवणाकडे बघा.

एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही. तीन-चार दिवस एकाच वेळेला तशीच येतेय का ते बघा, सोबत ताप, सर्दी, दातदुखी, पाळी, झोप न होणं, नवीन औषध असं काही आहे का ते लिहा. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तर शुगर हमखास वाढते, बहुतेक वेळा दुपारनंतर.

इन्शुलिन चालेनासं झालंय असं वाटतं तेव्हा

जेवण तेच, डोस तोच, आणि शुगर मात्र ऐकत नाही. अशा वेळी पोटावरून हात फिरवा. रोज एकाच जागी टोचलं की कातडीखाली चरबीच्या गाठी होतात, तिथे दुखत कमी म्हणून माणूस परत परत तिथेच टोचतो, लहान मुलं तर ती जागा सोडायलाच तयार नसतात. पण गाठीतून इन्शुलिन कधी हळू कधी भलतंच शोषलं जातं. जागा बदला, दोन टोचण्यांमध्ये बोटभर तरी अंतर ठेवा. फक्त एक लक्षात ठेवा, गाठीवरून चांगल्या जागेवर आलात की तोच डोस जास्त पडू शकतो, म्हणून ते डॉक्टरांना सांगून करा आणि त्या दिवसांत जास्त वेळा तपासा.

सिरिंजचा घोळ याहून घातक. बाटली १ मिलीला ४० युनिटची असते किंवा १०० युनिटची, आणि सिरिंजही त्याप्रमाणेच दोन प्रकारच्या. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी जोडी झाली तर १० च्या खुणेपर्यंत भरलं की प्रत्यक्षात २५ युनिट जातात. उलटं झालं तर १० ऐवजी फक्त ४. घाईत दुसऱ्या दुकानातून सिरिंज आणली, मदतीला आलेल्या नातेवाइकाने डोस भरला, असल्या वेळीच हे होतं. बाटली आणि सिरिंज दोन्हीवरचा आकडा दर वेळी वाचा.

पेन असेल तर आधी २ युनिट हवेत सोडून बघा, टोचल्यावर बटण दाबून दहापर्यंत मोजा आणि मगच सुई काढा. दुधासारखं दिसणारं इन्शुलिन तळहातात घोळवून एकसारखं करा, जोरजोरात हलवू नका. पारदर्शक असलेलं गढूळ झालं, किंवा फ्रीजमध्ये गोठलं, तर फेकून द्या. उघडलेलं बहुतेक इन्शुलिन साधारण चार आठवडे चालतं, पण उन्हात गाडीत राहिलेलं पेन त्याच्या कितीतरी आधी कामातून जाऊ शकतं.

लो झाली तर मात्र थांबायचं नाही

७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, वयस्कर माणूस असेल तर नुसतंच गोंधळल्यासारखं बोलणं. मोठ्यांना साधारण १५ ग्रॅम साखर लागते, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात किंवा साधारण दीडशे मिली ज्यूस, लहान मुलांना त्याहून कमी, ५ ते १० ग्रॅम पुरते. १५ मिनिटांनी परत तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर परत द्या. लोक इथे चॉकलेट देतात, पण त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो आणि तो वेळच आपल्याकडे नसतो. अकार्बोज किंवा वोग्लिबोज या डायबिटीसच्या गोळ्या घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्यांच्यासाठी घरात ग्लुकोज पावडर असलीच पाहिजे.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा, घरात ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं औषध) असेल तर द्या, अॅम्ब्युलन्स बोलवा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांनी आलेली लो साखर देऊन वर आली तरी काही तासांनी परत येऊ शकते, त्यामुळे "आता बरं वाटतंय" म्हणून झोपून जाऊ नका, डॉक्टरांना कळवा.

मुलांच्या बाबतीत

खूप तहान, सारखी लघवी, वजन उतरणं, थकवा. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी शुगर तपासून घ्या, उपाशीपोटीसाठी उद्याची वाट बघायची गरज नाही, मिनिटभराचं काम आहे. टाइप १ मध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, गोड खाल्ल्याने तो होत नाही, तेव्हा आईबापांना बोल लावणं बंद करा. वेळ गेला की कीटोन (इन्शुलिनअभावी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) साठून रक्त आम्लधर्मी होतं, पोटात दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला फळासारखा वास येतो. नुसतं पोट बिघडलंय म्हणून उलटीचं औषध देऊन घरी ठेवलेली मुलं इथेच अडकतात.

निदानानंतरची एक फसवी पायरी असते. इन्शुलिन सुरू झालं की उरलेल्या पेशी थोडा काळ परत काम करू लागतात, डोस एकदम कमी लागतो, याला हनिमून म्हणतात. काही आठवडे, काही महिने चालतं. नेमकं तेव्हाच कोणीतरी "आमच्याकडे जडीबुटीने बरा होतो" म्हणत भेटतं, शुगर तशीही चांगली असते, आणि श्रेय जडीबुटीला जातं. इन्शुलिन मिळायच्या आधी टाइप १ झालेली मुलं फार काळ जगत नसत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं तेव्हा तो मरणाच्या दारात होता, त्यानंतर आणखी १३ वर्षं जगला. मुलाचं इन्शुलिन बंद करायला सांगणाऱ्या माणसाशी मी तरी वाद घालत बसणार नाही, सरळ उठून निघेन.

आजारपणात दुसरी चूक होते. मूल काही खात नाही म्हणून इन्शुलिनच दिलं जात नाही. ताप आणि उलट्यांमध्ये शरीराला बऱ्याचदा जास्त इन्शुलिन लागतं, डोस कमीजास्त करावा लागेल पण बेसल (जेवणाच्या वेळचं नाही, दिवसभर हळूहळू काम करणारं इन्शुलिन) पूर्ण बंद करायचं नाही, हे टाइप १ च्या मोठ्यांनाही लागू. दर दोन-तीन तासांनी शुगर बघा, कीटोन बघा. रक्तातले कीटोन (हे मिलिमोलमध्ये मोजतात) १.५ च्या वर गेले की डॉक्टरांना फोन, ३ च्या वर किंवा उलट्या थांबत नसतील तर थेट हॉस्पिटल. शुगर २५० च्या वर आणि कीटोनही असतील तर "खेळला की उतरेल" म्हणून पळायला लावू नका, आणखी वाढेल. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या मोठ्या माणसांमध्ये तर शुगर फार न वाढताही कीटोन चढू शकतात, म्हणून उलट्या-जुलाबात या गोळ्या आणि मेटफॉर्मिन थांबवायचं का हे लगेच विचारून घ्या.

शुगर नॉर्मल आली, गोळी बंद

गोळीमुळे नॉर्मल आली, म्हणून गोळी बंद केली की परत वाढणार. वजन बरंच उतरलं तर टाइप २ मध्ये खरंच औषधं कमी होतात, पण ती डॉक्टरांबरोबर बसून. तपासणीच्या आधी चार दिवस कडक पथ्य करून एचबीए१सी फसत नाही, त्यात दोन-तीन महिन्यांची सरासरी येते, ७ टक्के म्हणजे सरासरी साधारण १५४. पण तोही कधीकधी फसवतो, लोह कमी असेल तर जास्त दाखवू शकतो आणि नुकतंच रक्त गेलं किंवा चढवलं असेल तर विश्वास ठेवण्यासारखा राहत नाही. मीटरचे आकडे आणि तो जुळत नसतील तर हिमोग्लोबिन बघायला सांगा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ पण तपासा, त्याच्या कमतरतेनेही पाय बधिर होतात आणि सगळं खापर शुगरवर फुटतं.

डोळ्यांचा पडदा खराब होत असताना बराच काळ नीट दिसत असतं, म्हणून "दिसतंय की" हे तपासणी टाळायचं कारण नाही. टाइप २ असेल तर निदान झाल्याबरोबर डोळे आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रोटीन) बघून घ्या. पाय रोज उजेडात बघा, तळवे आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा. पाय बधिर असतील तर गरम पाणी पायाने अजमावू नका, कोपराने बघा. आणि तळव्याला जखम दिसली तर दुखत नाही म्हणून थांबू नका, न दुखणारी जखमच जास्त काळजीची, ती त्याच दिवशी दाखवा.