फॉरवर्ड खरंच पुलंचा आहे का, हे कसं तपासाल?

मजकुराखाली नुसतं ‘पु. ल.’ किंवा ‘व. पु.’ लिहिलंय, पुस्तकाचा पत्ता नाही? मग पुढे ढकलण्याआधी पाच मिनिटं काढा.

आधी तारखा लावून बघा. पु. ल. देशपांडे गेले १२ जून २००० ला, व. पु. काळे २६ जून २००१ ला. व्हॉट्सॲप आलं २००९ मध्ये. मजकुरात ग्रुप ॲडमिन, सेल्फी किंवा लॉकडाऊन दिसलं की चौकशी तिथेच संपली.

तारखांत काही खटकलं नाही, तर पाठवणाऱ्याला पुस्तकाचं नाव विचारा. ‘मलाही असंच आलंय’ हे उत्तर ठरलेलं, तरी विचारा.

मग शोध. पहिली ओळ घेऊ नका, तिच्यावर प्रत्येकाने हात फिरवलेला असतो. मधलंच एखादं जरा वेगळं वाक्य उचला, त्यातले पाच-सहा शब्द अवतरणचिन्हांत घालून गूगलवर टाका. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ असतोच, म्हणून दुसऱ्या लेखनानेही शोधा. सगळ्यांत जुनी नोंद महत्त्वाची. कधी कधी खरा लेखक तिथेच भेटतो. ‘कोशिश करने वालों की हार नहीं होती’ ही कविता किती वर्षं हरिवंशराय बच्चन यांच्या नावावर फिरली! ती सोहनलाल द्विवेदींची, हे शेवटी खुद्द अमिताभ बच्चन यांना सांगावं लागलं.

मजकुराच्या शेवटी ‘तुका म्हणे’ असेल तर गाथेतली अभंगांची सूची उघडा आणि पहिला चरण शोधा. सापडला नाही म्हणून लगेच बनावट ठरवू नका. गाथेच्या सगळ्या आवृत्त्यांत अभंग सारखे नाहीत. ही भेसळ जुनीच आहे म्हणा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हाच बजावलं होतं की यात स्वतःची ओवी घुसडणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवणं.

‘शैली अगदी पुलंची वाटते’ याला मात्र पुरावा मानू नका. पुलंची नक्कल करणारे महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत, आणि काही जण चांगली करतात.

एवढं करूनही लेखक सापडला नाही, तर ‘लेखक माहीत नाही’ असं लिहून खुशाल पाठवा. आणि पाठवणाऱ्याला सगळ्यांदेखत सुनावू नका. वेगळा मेसेज करा: ‘काका, मजकूर छान आहे, पण पुलंचा नाही. खालचं नाव काढता का?’