विस्तीर्ण महानगरात पायी फिरण्याजोगी, गजबजलेली वस्ती कशी निवडावी

दूरवर पसरलेल्या महानगरात पायी फिरण्याजोगा भाग सलग क्वचितच सापडतो. कुठे जुन्या बाजाराभोवती, कुठे रेल्वे स्थानकाच्या एका बाजूला, कुठे एखाद्या विद्यापीठाच्या कुंपणालगत असे तुकडे विखुरलेले असतात आणि मधल्या भागात रुंद रस्ते, वाहनतळ आणि उंच भिंती असतात. त्यामुळे ‘कोणते उपनगर चांगले’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. स्थानकालगतच्या चार गल्ल्या दिवसभर माणसांनी फुललेल्या असतात, आणि तिथून दीड किलोमीटरवर, त्याच उपनगराच्या नावाखाली, औषधाची एक पट्टी आणायलाही गाडी काढावी लागते. म्हणून उपनगराच्या नावापेक्षा एका विशिष्ट दारापासून दहा मिनिटांत पायी पोहोचता येईल एवढाच परिसर विचारात घ्यावा.

आधी परिघ ठरवावा

सामान्य चालीचा माणूस मिनिटाला सुमारे 80 मीटर चालतो. म्हणजे पाच मिनिटांत 400 आणि दहा मिनिटांत 800 मीटर. दाराभोवती 800 मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात साधारण दोन चौरस किलोमीटर जमीन येते, आणि रोजच्या गरजा भागवायला एवढी जागा पुरेशी असते. पॅरिसमधील प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी 2016 साली पंधरा मिनिटांच्या शहराची, म्हणजे रोजच्या गरजा घरापासून तेवढ्या वेळात भागाव्यात अशी कल्पना मांडली. तिच्यात पायी किंवा सायकलने पंधरा मिनिटे धरलेली आहेत. घर शोधणाऱ्याने मात्र दहाच धरावीत, कारण परतताना हातात पिशव्या असतात. सोबत लहान मूल किंवा वृद्ध व्यक्ती राहणार असेल, तर हे अंतर निम्म्यावर आणावे.

त्यानंतर कागदावर आपल्या गरजा लिहाव्यात, पण त्या किती वेळा लागतात त्या क्रमाने. किराणा, भाजी, बसथांबा, शाळा आणि बसायला एखादी हिरवी जागा या गोष्टी वर्तुळाच्या आतच हव्यात. नाट्यगृह, मोठे रुग्णालय किंवा कपड्यांची मोठी दुकाने बाहेर असली तरी बिघडत नाही. अनेकांचा क्रम नेमका उलटा असतो. महिन्यातून एकदा लागणाऱ्या झगमगाटाकडे पाहून घर घेतले जाते आणि रोजची भाजी लांब पडते. जाहिरातींत ‘अमुक ठिकाण पाच मिनिटांवर’ असे लिहिलेले असते, तेव्हा ती पाच मिनिटे कोणत्या वाहनाने आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी मोजली, हेही विचारून घ्यावे.

नकाशावर रस्त्यांची वीण पाहावी

प्रत्यक्ष जाण्यापूर्वी घरबसल्या बरीच चाळणी करता येते. नकाशावर छोटे छोटे चौक आणि दाट गल्ल्या दिसत असतील, तर तिथे चालणे सोपे असण्याची शक्यता मोठी असते. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या मध्यभागी दोन चौकांमधल्या इमारतींच्या गटाची बाजू साधारण 61 मीटर आहे, तर सॉल्ट लेक सिटीच्या मध्यभागी ती सुमारे 201 मीटर आहे. दोन्ही ठिकाणी रस्ते काटकोनातच आखलेले आहेत. तरीही पहिल्या शहरात मिनिटभराच्या आत नवा कोपरा येतो आणि दुसऱ्यात त्यासाठी अडीच मिनिटे चालावे लागते. कोपरे जवळ असले की वाट बदलता येते, आडवाट घेता येते, आणि कोपऱ्यावरच्या दुकानांना दोन्ही रस्त्यांवरची गिऱ्हाइके मिळतात.

यासाठी एक सोपे गणित आहे. घरापासून नेहमीच्या चार-पाच ठिकाणांपर्यंतचे सरळ रेषेतले अंतर मोजावे, मग नकाशाच्या ॲपवर पायी मार्ग काढून खरे अंतर पाहावे आणि दुसऱ्याला पहिल्याने भागावे. काटकोनात आखलेल्या दाट रस्त्यांत हे गुणोत्तर 1.4 च्या आसपासच थांबते. ते दोनच्या पुढे गेले, तर मधे रेल्वेमार्ग, नाला किंवा एकच फाटक असलेले भलेमोठे गृहसंकुल आहे असे समजावे. खिडकीतून दिसणारी शाळा अशा ठिकाणी दीड किलोमीटरचा वळसा घ्यायला लावते.

चालण्याच्या सोयीचे तयार गुण देणारी संकेतस्थळेही आहेत. 2007 साली सुरू झालेले ‘वॉक स्कोअर’ शंभरपैकी गुण देते. पण त्याचा मुख्य आधार सोयीसुविधांपर्यंतचे अंतर हा आहे. पदपथ उखडलेला आहे की त्यावर गाड्या उभ्या आहेत, हे त्या आकड्यातून कळत नाही. पहिल्या चाळणीसाठी तो वापरावा, निर्णयासाठी नाही.

रस्ता ओलांडून पाहावा

ही पायरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, आणि घर पाहायला गाडीने गेलेल्या माणसाकडून हीच हमखास राहून जाते. लोक पदपथाची रुंदी पाहतात, तीही पाहावीच. दोन माणसे शेजारी शेजारी चालत असताना समोरून बाबागाडी आली तर कोणाला रस्त्यावर उतरावे लागते का, एवढे पाहिले तरी पुरे. पण चालणाऱ्याचा खरा वेळ चौकात जातो. सिग्नलवर 120 सेकंद थांबावे लागले, तर तेवढ्या वेळात 160 मीटर चालून झाले असते. वाटेत असे तीन सिग्नल असतील, तर बाजार जवळपास अर्धा किलोमीटर लांब गेला असे धरावे. पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग असेल तर जिने मोजावेत आणि स्थानिक लोक तो वापरतात की दुभाजकावर चढून खालूनच जातात, तेही पाहावे.

वाहनांचा वेगही इथेच जोखावा. ताशी 50 किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या धडकेतली ऊर्जा ताशी 30 किलोमीटरच्या तुलनेत जवळजवळ 2.8 पट असते. अरुंद रस्ता आणि आखूड वळणे असली की चालक आपोआप हळू जातो. कोपरा गोलसर आणि ऐसपैस असेल, तर गाडी वेग न आवरता वळते.

वेगवेगळ्या प्रहरी जावे

वर्दळ आणि चैतन्य एकच नसते. कचेऱ्यांचा भाग दुपारी तुडुंब भरतो आणि संध्याकाळी सात वाजता ओस पडतो. उपाहारगृहांची रांग रात्री उजळते, पण सकाळी तिथे सगळी दारे बंद असतात. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी, भर दुपारी आणि रात्री नऊनंतर, शिवाय एखाद्या सुट्टीच्या दिवशी तीच गल्ली पाहावी. गर्दी किती आहे यापेक्षा गर्दीत कोण आहे, हे न्याहाळावे. एकटी चालणारी मुले, रमतगमत जाणारे वृद्ध, रात्री निर्धास्तपणे परतणाऱ्या स्त्रिया आणि काही खरेदी न करता नुसते बसलेले लोक दिसत असतील, तर ती वस्ती खऱ्या अर्थाने नांदती आहे.

त्याचबरोबर तळमजल्यांकडे पाहावे. शंभर मीटर चालायला सव्वा मिनिट लागते. तेवढ्या अंतरात पंधरा-वीस दारे असतील, तर दर चार-पाच सेकंदांनी काहीतरी नवे दिसते आणि अंतर जाणवत नाही. तेवढीच लांबी एका सलग भिंतीने किंवा वाहनतळाने व्यापलेली असेल, तर पदपथ कितीही सुरेख असला तरी माणसे तिकडे फिरकत नाहीत. जुन्या आणि नव्या इमारती एकमेकींत मिसळलेल्या असणे हीदेखील चांगली खूण आहे, कारण जुन्या इमारतीतल्या कमी भाड्याच्या गाळ्यांत शिंपी, चप्पल दुरुस्त करणारा आणि सायकलवाला टिकून राहतात.

झाडांची सावली, चढ, पाऊस पडल्यावर साचणारे पाणी आणि दिव्यांचा उजेड या गोष्टी याच फेऱ्यांत सहज लक्षात येतात.

बाहेर जाण्याची सोय

एवढ्या मोठ्या शहरात सगळे आयुष्य दोन चौरस किलोमीटरांत मावणार नाही. म्हणून वस्तीतून निघणारी किमान एक बस किंवा रेल्वे दर दहा मिनिटांच्या आत असावी, म्हणजे वेळापत्रक पाहावे लागत नाही. शेवटची गाडी किती वाजता सुटते, तेही विचारावे.

नेमके दार निवडताना

गजबजलेल्या रस्त्यावरच घर घेऊ नये. त्याला लागून असलेल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या गल्लीत घ्यावे. शंभर-दीडशे मीटर आत गेले की गोंगाट बराच कमी होतो आणि बाजार तरीही दोन मिनिटांवर राहतो. पसंत पडलेल्या खोलीत रात्री खिडकी उघडी ठेवून थोडा वेळ शांत बसावे, आणि पहाटे मालाचे ट्रक कुठे रिकामे होतात ते शेजाऱ्यांना विचारावे. विकत घ्यायचे असेल आणि मनात शंका उरली असेल, तर आधी त्याच भागात काही महिने भाड्याने राहावे. त्या मुदतीत वर्षातला सर्वांत त्रासदायक ऋतू येईल असे पाहावे.